चिंगी गप्प झाली होती

बुधवार, २० मे. रात्री पावणेअकरा.

सकाळपासून एकच गोष्ट मनातून जात नाही. कोळीणमावशी पाटी टेकवून पायरीवर बसली होती, मी बांगडे निवडत होते आणि आमची मांजर चिंगी पाटीभोवती घुटमळत होती. मावशीने तिला बाजूला सारलं, आणि हात तसाच थांबला. "वयनी, गाभन हाय ही. पोट बग ना तिचा."

मी बघितलं. मग दुसरं काही दिसेनाच.

रोज रात्री ती माझ्या पायाशी झोपते. रोज तिच्या पाठीवरून माझा हात फिरतो. मला कळलं नाही, आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या बाईला एका नजरेत कळलं.

दुपारी टोपलीत घालून दापोलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, शेवटची माजावर कधी आली होती? हनुमान जयंती, २ एप्रिल. तीन रात्री कौलांवर ओरडत होती, हे काठी घेऊन अंगणात उतरले होते. चौथ्या रात्री गप्प झाली. मला वाटलं, सुटलो, झोप मिळेल. डॉक्टर म्हणाले, दिवस गेले नसते तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ओरडायला लागली असती. म्हणजे ते गप्प होणं हीच पहिली खूण होती, आणि मी त्या खुणेवर निवांत झोपले.

मग एकेक आठवत गेलं. एप्रिल संपता संपता तिची आचळं गुलाबी, टपोरी झाली होती, भोवतीचे केस विरळ झाले होते. मी ते पाहिलं होतं! गोचीड चावली असेल म्हणून कडुलिंबाच्या पाण्याने पुसूनही काढलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असंच होतं म्हणे. त्याच सुमाराला ती दोन दिवस जेवली नाही आणि माजघरात ओकली. मी ओरडले तिच्यावर. रात्रभर पडवीत ठेवली, आतून कडी लावून. दाराला नखं लावत होती कितीतरी वेळ.

ती कडी आज दिवसभर हाताला जाणवते आहे.

आईंना कळलं असतं. गाय चालण्यावरून ओळखायच्या त्या. सईच्या वेळी मी कुणाला काही बोलले नव्हते, माझी मलाच खात्री नव्हती. विहिरीवरून येत होते तर दारातच त्यांनी माझ्या कमरेवरची कळशी काढून घेतली. "आजपासून हे मी आणीन," एवढंच. संध्याकाळी पानात आमसुलाचं सार होतं. आता या घरात असं बघणारं कुणी उरलं नाही. मीच उरले आहे, आणि मला मांजराचं पोट दिसत नाही. बसमधून येताना टोपलीवर हात ठेवून रडू आलं. शेजारच्या बाईंनी खिडकी देऊ का विचारलं, बस लागली असेल असं वाटलं त्यांना.

घरी येऊन चहा घेतला आणि जरा बरं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं नीट आठवलं. पोट दिसायला लागतं तेच मुळी पाचव्या आठवड्यानंतर, आणि अंगाने भरलेल्या मांजरीचं त्याहून उशिरा. बरेचजण याच सुमाराला घेऊन येतात म्हणाले. आणि आईंनी तरी सगळं कुठे ओळखलं? स्वतःच्या छातीतलं दुखणं पित्ताचं म्हणून ओव्याच्या पाण्यावर काढलं त्यांनी. आम्हीही.

असो.

मांजराचे दिवस ६३ ते ६५. आज ४८. म्हणजे ४ ते ६ जून, मृगाच्या अगदी तोंडावर. कालनिर्णयवर पेन्सिलीने रेघ ओढली. त्याच सुमाराला मासेमारीची बंदी लागते, १ जूनपासून. नेमकी तिला दुप्पट खायला लागेल तेव्हा मावशीची पाटी बंद. आगोटचं, म्हणजे पावसाळ्यापुरतं, सुकं भरून ठेवलंय, पण खारवलेल्या मासळीत मीठ फार, ते तिला चालायचं नाही. अंडी आणि कोंबडी आणावी लागेल. ह्यांना अजून सांगितलं नाही. सईलाही नाही, चिंगीच्या ऑपरेशनचं ती दिवाळीपासून सांगत होती.

माळ्याखालच्या कोपऱ्यात खोका ठेवलाय, आईंचं जुनं लुगडं घालून. ती तिथेच विणार असं नाही, तिची जागा तीच शोधेल. आणि नंतर सात घरं फिरवील पिल्लांना, ते वेगळंच.

आता पायाशी आली आहे. कुशीवर पडून चारही पाय लांब सोडलेत. पोट दाबून बघायचं नाही असं सांगितलंय, म्हणून हात मांडीवरच ठेवलाय. दिवा जवळ ओढून नुसती बघते आहे. मघाशी मागच्या पायाच्या वर, शेवटच्या आचळाजवळ, कातडी आतून हलली. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा खाली.