लीद झाली का?

रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला बँकेतल्या माझ्या टेबलावरून एक फोन जातो. "लीद झाली का? किती वेळा? सुकी होती का?" समोर पासबुक भरून घ्यायला आलेल्या काकू दचकून मागे सरतात. सहकाऱ्यांना आता सवय झाली आहे, पण शाखेत कुणी नवीन बदलून आलं की जेवणाच्या सुट्टीत डबे उघडता उघडता प्रश्न सुरू होतात. मुंबईत घोडा ठेवता कुठे, हा पहिला. परवडतो कसा, हा दुसरा. मग कुणीतरी गेल्या जुलैतली ती रात्र मध्ये काढतं आणि तिसरा येतो: "पण मॅडम, पोटच दुखत होतं ना? ओवा द्यायचा. त्यासाठी रात्रभर जागायचं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पहिले दोन उरकून टाकते. आरे कॉलनीच्या कडेला, म्हशींच्या तबेल्यांना लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे सहा घोडे. चार वरातीचे, एक शेडमालकाचा, एक माझी शेवंती. ती मूळची रेसची, महालक्ष्मीला धावायची. कागदावर तिचं भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण पहिलं येण्यात तिला कधीच रस नव्हता, त्यामुळे पाचव्या वर्षीच ती माझ्या वाट्याला आली. परवडण्याचं म्हणाल तर आमच्याकडे गाडी नाही, परदेशवाऱ्या नाहीत, आणि नवऱ्याने हिशेब विचारणं सोडून दिलं आहे.

आता पोटाचं.

त्या रात्री दहा चाळीसला बाबूभाईंचा फोन आला. बाबूभाई आमचे सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे. चाळीस वर्षं घोड्यांत गेलेली, त्यातली बरीच व्हिक्टोरियावर, मुंबईच्या त्या घोडागाडीवर. 2015 साली हायकोर्टाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, त्यानंतर ते इकडे आले. हा माणूस उगाच फोन करत नाही. "दीदी, शेवंती लोट रही है. कुरकुरी लगता है." तबेल्यात पोटशूळाला कुरकुरी म्हणतात. शब्द ऐकायला चकलीसारखा आहे, म्हणूनच बहुतेक लोकांना त्यात भ्यायचं काही वाटत नाही.

घोड्याला उलटी होत नाही. एवढं एक वाक्य समजलं की बाकीचं समजतं. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं वर येत नाही. कोंडलं तर जठर फुटेल, पण घोडा ओकणार नाही. साडेचारशे किलोच्या जनावराचं जठर जेमतेम दहा-पंधरा लिटरचं, कारण त्याची घडण दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी आहे. पुढे वीसेक मीटर लहान आतडं, आणि मग मोठ्या आतड्याचा अवाढव्य पसारा, ज्याचा बराचसा भाग पोटाच्या भिंतीला पक्का बांधलेलाच नाही. तो सरकतो, गॅसने फुगून वर येतो, कधी स्वतःभोवती पीळ घेतो. त्यातच एका जागी ही रुंद नळी एकदम वळते आणि अरुंद होते. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर, जिन्याच्या तोंडाशी काय होतं ते तुम्ही रोज बघता. तेच तिथे होतं, फक्त मागून येणारी गर्दी थांबत नाही.

म्हणजे नुसता गॅस असेल तर तासाभरात घोडा ठीक. चारा अडकला असेल तर एक-दोन दिवसांची लढाई. पीळ असेल तर ऑपरेशनला हाताशी मोजके तास. आणि बाहेरून तिन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात: खुराने जमीन उकरणं, मान वळवून कुशीकडे बघणं, वरचा ओठ मुडपणं, बसणं, उठणं, लोळणं. भीती ही आहे. दुखतंय हे दिसतं, काय दुखतंय ते दिसत नाही.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी आकडे मागितले. मी टॅक्सीत, वांद्र्याच्या पुढे हायवेवर, पाऊस असा की वायपर नुसते नावाला. बाबूभाईंना फोनवरून सांगितलं, जबड्याच्या हाडाखालच्या नसेवर दोन बोटं ठेवा, पंधरा सेकंद मोजा. चौदा. म्हणजे मिनिटाला 56 ठोके. शेवंतीचे एरवी 36 असतात. साठच्या वर जाऊन तिथेच राहिले तर प्रकरण गंभीर. हिरड्या गुलाबी होत्या, अंगठा दाबून सोडला की रंग दोन सेकंदांत परत येत होता. डॉक्टर म्हणाले, "ताई, ठाण्याहून निघतोय. पुढ्यातलं सगळं काढून घ्या. पोटात काहीही घालायचं नाही. तुमच्या पेटीतलं इंजेक्शनही मी सांगितल्याशिवाय द्यायचं नाही."

मी पोचले तर बाबूभाई काचेची बाटली घेऊन उभे. कोमट पाण्यात ओवा, हिंग, काळं मीठ. तिचं तोंड वर करून घशात ओतायच्या बेतात. त्यांच्या उस्तादाने असे कित्येक घोडे उठवले होते म्हणे. मान वर असताना ओतलेलं पाणी श्वासनळीत उतरलं तर पोट राहतं बाजूला आणि न्यूमोनियाने घोडा जातो, हे त्यांना कसं सांगायचं? चाळीस वर्षांपुढे माझी सात. मी एवढंच म्हटलं, "बाबूभाई, डॉक्टरसाब गुस्सा करेंगे." त्यांनी बाटली खिडकीत ठेवली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग वाट पाहणं. पेटीत दुखणं थांबवणारं इंजेक्शन आहे आणि द्यायचं नाही, कारण दुखणं झाकलं गेलं तर डॉक्टरांना आतली अवस्था कळायची नाही. दहा मिनिटं फिरवलं. ती शांत बसली तर बसू दिली, लोळायला लागली की उठवली. लोळल्यामुळे आतड्याला पीळ पडतो असं बाबूभाई मानतात. डॉक्टरांच्या मते पीळ आधी पडतो आणि म्हणून घोडा लोळतो. तेव्हा मला त्या वादाशी कर्तव्य नव्हतं, अरुंद शेडमध्ये एवढं धूड भिंतीवर आदळू नये एवढंच होतं. अधूनमधून तिच्या कुशीला कान लावायचा. घोड्याचं पोट सतत गुरगुरत असतं, ते गप्प झालं की घाबरायचं. उजवीकडे थोडंसं काहीतरी वाजत होतं. डावीकडे शांत. वर पत्र्यावर पाऊस इतका की मी एका कानात बोट घालून ऐकत होते.

आणि याच वेळात माणूस मागचे दिवस उकरतो. तीन दिवस पाऊस, म्हणून तिला बाहेर काढू नका असं मीच सांगितलं होतं. सर्दी होईल म्हणून. उभ्या घोड्याचं आतडंही मंदावतं. ओलं गवत कुजतं म्हणून सुका कडबा वाढवला, तोही मीच. आदल्या दिवशी बाबूभाई म्हणाले होते, पानी कम पी रही है. मी काउंटरवर होते. म्हटलं, गारवा आहे, म्हणून असेल.

डॉक्टर पाऊण वाजता आले. ठोके 52. इंजेक्शन दिलं. ओठाला दोरीचा फास लावून नाकपुडीतून लांब नळी थेट जठरात उतरवली, आणि आम्ही तिघं नळीच्या टोकाकडे बघत राहिलो. साचलेलं पाणी भळाभळा उलटं आलं असतं तर लहान आतडं बंद. काही आलं नाही. डॉक्टरांनी टोकाचा वास घेतला आणि मान हलवली. मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवून मागून तपासलं. बराच वेळ. "आहे. वळणावरच आहे. कणकेचा गोळा मळून ठेवल्यासारखा." मला इतका आनंद झाला की हसूच आलं. चारा अडकला होता, पीळ नव्हता.

नळीतून चारेक लिटर लिक्विड पॅराफिनचं तेल आणि कोमट पाणी गेलं. "ठोके पुन्हा चढले तर लगेच कळवा," म्हणून ते गेले. दर अर्ध्या तासाने मी वहीत लिहीत होते. 48. 48. 44. मध्ये एकदा 52, तेव्हा हात थरथरल्याने मोजण्यात चूक झाली होती असं मी अजूनही मानते. पहाटे 40. साडेपाचला तिने शेपटी उचलली आणि सुपारीएवढे तीन सुके गोळे पडले. बाबूभाईंनी एक उचलून तळहातावर फोडला, मला दाखवला. कुणी पेढा दाखवावा तसा.

पण त्यावर तेलाचा मागमूस नव्हता. म्हणजे हे अडथळ्याच्या पुढे आधीच असलेलं. गोळा अजून तिथेच. बँकेत रजा कळवली. घरगुती कारण, असं लिहिलं.

तेल खाली यायला संध्याकाळचे सात वाजले. शेपटी, मागचे पाय, जमीन, सगळं तेलकट, आणि मागोमाग खरीखुरी लीद, ढीगभर. डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, मूठभर ओलं गवत, जास्त नाही. मूठ संपली तशी शेवंतीने रिकाम्या गव्हाणीवर खूर आपटला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू उपाशी मीच ठेवलं होतं. ते खरंच होतं म्हणा.

निघताना खिडकीतली बाटली रिकामी दिसली. मी बाबूभाईंकडे पाहिलं, जरा घाबरूनच. ते पोटावरून हात फिरवत म्हणाले, "मैंने पी ली, दीदी. रात से गैस हो गया था."