तारखांचं गणित

३१ मे २०२०. रबाळेच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली आणि शेवटचा दिवस नेरुळच्या घरात, फोनवर 'बरं, ठीक आहे' म्हणत संपला. लॉकडाऊनमुळे ना समारंभ, ना हार. शेवटचा पगार हातात ६२ हजार. पीएफची पेन्शन अठ्ठावनपासून चालू होती, महिना २,७०० रुपये. माझा साडू सरकारी नोकरीतला. त्याला आकडा सांगितला तर म्हणाला, "एक शून्य राहिलं वाटतं."

म्हणजे सगळी भिस्त पीएफ-ग्रॅच्युइटीच्या ३६ लाखांवर आणि त्यांच्या व्याजावर.

जूनमध्ये पोस्टात गेलो. बाहेर चुन्याने आखलेले गोल, त्यात आम्ही म्हातारे मास्क लावून उभे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर मार्चपर्यंत ८.६ टक्के होता आणि १ एप्रिलपासून ७.४ झाला होता. दोन महिन्यांनी हुकलं. तेव्हा १५ लाखांचीच मर्यादा होती, तेवढे भरले. दर तिमाहीला २७,७५० रुपये.

दुसरे १५ लाख मी बँकेत एकाच पावतीत, पाच वर्षांसाठी, ६ टक्क्यांनी ठेवले. शाखेतला माणूस म्हणाला, "काका, दर अजून खाली जाणार, आत्ताच बांधून टाका." मला पटलं. बायको म्हणाली, "सगळे एकाच पावतीत कशाला?" मी म्हटलं, वेगवेगळ्या तारखा कोण लक्षात ठेवणार! उरलेले सहा लाख हाताशी ठेवले. सगळं मिळून महिन्याला १९ हजारांच्या आसपास. ६२ वरून १९.

पहिलं वर्ष कसंबसं निघालं, कारण कुठे जाणं-येणंच नव्हतं. मग सकाळी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ला फिरायला जाऊ लागलो आणि तिथल्या बाकांवरचा सल्ला मिळू लागला. एकाने एका पतसंस्थेचं नाव सांगितलं, साडेदहा टक्के. हाताशी ठेवलेल्यातले पाच लाख तिथे टाकायचे मी जवळजवळ ठरवलं होतं. बायकोने भाजी निवडता निवडता एकच विचारलं, "बँकेला सहा परवडत नाहीत, यांना साडेदहा कुठून परवडतात?" मग चौकशी केली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं (फेब्रुवारी २०२० आधी फक्त एक लाख होतं), पण ते बँकांना, सहकारी बँकासुद्धा धरून. पतसंस्थेला नाही. आणि एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे असले तरी सगळे मिळून पाचच लाख. त्या पतसंस्थेपुढे नंतर रांगा लागल्या, एवढंच सांगतो. पण माझ्या त्या पंधरा लाखांच्या पावतीतलेही दहा लाख उघडेच होते, हे त्या दिवशी कळलं.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना उसने पैसे देते) चढवायला घेतला. ४ टक्क्यांवरचा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. लोक साडेसात टक्क्यांच्या पावत्या करत होते आणि माझे पैसे सहावर अडकलेले. एप्रिल २०२३ मध्ये पोस्टाची मर्यादा ३० लाख झाली, दर ८.२. ठरवलं, पावती मोडायची.

इथे मला धक्का बसला. वाटलं होतं, एक टक्का दंड कापतील, संपलं. तसं नसतं. पैसे जितका काळ राहिले, तेवढ्या मुदतीचा जुना दर धरतात, त्यातून दंड वजा करतात आणि आधी जास्त दिलेलं व्याज मुदलातून वळतं करून घेतात. माझे सुमारे ६४ हजार गेले. बचतीतून भर घालून दुसरं १५ लाखांचं खातं उघडलं. जमाखर्च मांडला तर पहिल्या दोन वर्षांत जेमतेम बरोबरी. फायदा पुढे दिसला. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारी ते जून एक टक्क्याने उतरला, बँकांच्या पावत्या खाली आल्या, माझं खातं मात्र ८.२ वरच.

बारीकसारीक जाच वेगळेच. एका एप्रिलमध्ये व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा १५एच फॉर्म भरायला विसरलो, व्याजातून कर कापला गेला, तो विवरणपत्र भरून परत मिळवला. हयातीचा दाखला द्यायला गेलो तर अंगठा उमटेना. इतकी वर्षं रसायनांत हात, रेषाच गुळगुळीत झाल्यात. आता मुलगा मोबाईलवर चेहरा दाखवून तो दाखला काढून देतो.

खरा खड्डा पाडला तो आरोग्यविम्याने. २०२० ला दोघांचा हप्ता ३१ हजार होता, २०२५ ला ५८. ऑगस्टमध्ये भरला, आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी माफ झाला. जवळजवळ नऊ हजार महिनाभराने हुकले! तारखांशी माझं काही जमत नाही. एसटीत मात्र आता पासष्टी झाल्याने मलाही अर्धं तिकीट. बायकोला २०२३ पासूनच आहे, ते ती दर प्रवासात ऐकवते.

हाताशी उरलेल्या रकमेच्या आता तीन छोट्या पावत्या आहेत, दर चार महिन्यांनी एक सुटते. हप्त्याची सोय त्यातून होते. पोस्टाचं पहिलं खातं जून २०२५ ला भरलं, ते तीन वर्षांसाठी ८.२ नेच वाढवून घेतलं. घरी येऊन मोठ्या रुबाबात वहीत लिहिलं आणि म्हटलं, बघ, आता सगळं कसं विभागून ठेवलंय.

तिने चष्मा लावला, वही जवळ ओढली.

"अहो, एक एप्रिल २०२८ ला सुटतंय आणि दुसरं जून २०२८ ला. तीसच्या तीस लाख दोन महिन्यांत?"

वाढवलेलं खातं वर्षानंतर काही कापून न घेता बंद करता येतं, असं मी तिला सांगितलं. "कधी?" म्हणाली. जून २०२६ नंतर. तिने ते पेन्सिलने समासात टिपून ठेवलं.