आमची वाटचाल : दहा नंबरच्या सुया आणि दोन धोटे

सोलापुरात लोकर कोण घेतं, हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकते आहे. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, कर्जाच्या कागदांवर सही करताना बँकेतले साहेब विचारायचे, आणि १९९३ साली माझ्या सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं. मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत चढणारं आमचं गाव. थंडी पडते ती दिवाळीनंतर, आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की तीही उठते. अशा गावात, त्या वर्षीच्या दसऱ्याला, मधल्या मारुतीजवळच्या एका बोळात मी आणि माझ्या मैत्रिणीनं लोकरीचं दुकान मांडलं. किल्लारीचा भूकंप होऊन महिनाही झाला नव्हता. लोक रात्री अंगणात झोपत होते. प्रत्येकी सात हजार घातले होते, तिचे माहेरून आलेले, माझे दोन बांगड्या मोडून.

लोकर कोण घेतं, तर बाळंतविडा करणारी आजी घेते. स्वेटर एकवेळ कुणी घालणार नाही, पण सातव्या महिन्यापासून घरात टोपडं, मोजे, झबलं आणि लोकरीचं दुपटं सुरू होतं. त्याला ऋतू नसतो. एका बाळाचा स्वेटर, टोपी, मोजे असा संच शंभर-दीडशे ग्रॅममध्ये बसतो. नफा थोडा, पण गिऱ्हाईक बारमाही. शिवाय दारांची तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, ताटावरची झाकणं हे सगळं क्रोशाचं, सुती दोऱ्याचं. चादरी-टॉवेलच्या गावात सुताला काय तोटा! शहराच्या पूर्व भागातून, विणकरांच्या वस्तीतून, कोनवर गुंडाळलेलं सूत वजनावर आणायचो.

माल मात्र सुरुवातीचे सहा महिने नुसता पडून राहिला. कारण विणता येणाऱ्या बायकाच कमी होत चालल्या होत्या. आईला येतं, मुलीला येत नाही. म्हणून आम्ही दुकानाच्या पुढच्या पडवीत सतरंजी घातली आणि दुपारी दोन ते चार शिकवायला लागलो. महिना चाळीस रुपये. शिकवलं म्हणून लोकर खपली, हे मी आजही ठामपणे सांगते. जो दुकानदार नुसता लोकरीचा गुंडा विकतो, त्याचं गिऱ्हाईक एका पिढीचं असतं.

माझ्या हातातल्या सुया तेव्हाही त्याच होत्या, आजही त्याच आहेत. आईच्या, ॲल्युमिनियमच्या, दहा नंबरच्या. वरचा राखाडी मुलामा टोकांपासून चार बोटं उडालाय आणि तिथं धातू आरशासारखा झालाय. एका सुईला किंचित बाक आहे, तो माझ्या उजव्या हाताचा. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे पावणेतीन. आता मुली मिलिमीटर विचारत येतात, म्हणून मी पुठ्ठ्यावर तक्ता लिहून गल्ल्याशेजारी टांगलाय.

नव्यानं शिकणाऱ्या बाईला मी आठ नंबरच्या सुया आणि फिकट रंगाची मध्यम जाडीची लोकर देते. काळी, गडद निळी अजिबात नाही, टाका दिसतच नाही. वीस टाके घालायचे आणि आठवडाभर नुसतं सुलट विणायचं. प्रत्येक ओळ संपली की टाके मोजायचे. वीसाचे तेवीस झाले तर समजावं की ओळ सुरू करताना दोरा सुईवरून पलीकडे गेला आणि एका टाक्याचे दोन दिसायला लागले. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट. ही पट्टी कडेनं गुंडाळली जाते, आणि इथं निम्म्या मुली रडकुंडीला येतात. तो हाताचा दोष नव्हे, त्या विणीचा स्वभावच तसा. कडेला चार-चार टाके दोन्ही बाजूंनी सुलट ठेवले की सरळ राहते. सुटलेला टाका खाली खाली उसवत गेला तर घाबरू नये, क्रोशाची सुई घालून एकेक पायरी वर आणावा. आणि ओळ अर्धी सोडून भाजीला उठू नये. परत आल्यावर कुठल्या दिशेनं चाललो होतो ते कळत नाही.

उन्हाळ्यात घामानं लोकर सुईवर सरकत नाही. हाताला थोडी पावडर लावावी. सुट्टीचे वर्ग तर एप्रिल-मेमध्येच असतात, त्यामुळे आमच्या पडवीत लोकरीपेक्षा पावडरचाच वास जास्त.

आता २००४ सालाबद्दल लिहिते. लिहू की नको, असा दहा वेळा विचार केला. पण वाटचाल म्हणून फक्त उद्घाटनाचे फोटो लावणं मला जमणार नाही.

दुकानात कामाची वाटणी होती. मी शिकवायची आणि गल्ला बघायची, मैत्रीण माल बघायची. पार्सल आलं की प्रत्येक पुड्यावरचा शेड नंबर आणि लॉट नंबर ती वहीत उतरवायची. एकाच शेडचा पण वेगळ्या लॉटचा माल म्हणजे रंगाचा वेगळा घाणा, वेगळ्या वेळी रंगवलेला, फरक पडतोच. त्या वर्षी एका प्रसूतिगृहानं दीडशे बाळांच्या संचांची ऑर्डर दिली, फिकट पिवळ्या रंगात, पंचवीस डिसेंबरच्या आत. आमच्यासाठी ती आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. वीस किलो लोकर मागवली, निम्मे पैसे कर्जाचे. दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली, मी वेगळं दुकान काढतेय. वेगळं म्हणजे त्याच बोळात, चार गाळे सोडून. जाताना तिनं तिचे पैसे नेले, ते बरोबरच होतं. पण नमुन्यांची वहीही नेली.

ती वही म्हणजे आमची अकरा वर्षं होती. लांबट हिशेबवही, प्रत्येक पानावर तळहाताएवढा विणलेला चौकोन शिवलेला, खाली माझ्या अक्षरात सु २, उ २ असं गणित. शहाण्णव नमुने. सहा टाक्यांची वेणी, जाळीचं पान, गव्हाची ओंबी. त्यातला एकही छापील पुस्तकातून घेतलेला नव्हता. कुणाच्या आजीच्या शालीवरून, कुणाच्या भाचीच्या टोपीवरून मोजून उतरवलेले. मी मागितली तेव्हा ती म्हणाली, चौकोन तर मी विणलेत. खरं होतं तेही. पण गणित माझं होतं.

आणि पार्सल आलं ते तिच्या जाण्यानंतर आठ दिवसांनी. लॉट बघायची सवय मला नव्हती. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे गुंडे सारखे दिसले. अकरा बायकांना लोकर वाटून दिली. तीन आठवड्यांनी चाळीस संच तयार होऊन आले, नमुन्याचे पाच मी प्रसूतिगृहात नेले आणि तिथल्या बाईंनी ते खिडकीशी धरले. अंग साईच्या रंगाचं, बाह्या हळदीच्या. पाचही परत. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, लेबलवर लॉट छापलाय, वाचायचा होता. त्यात त्याचं चुकलं नव्हतं. त्या रात्री मी घरी येऊन जेवले नाही, आणि दुकान विकलं तर किती येईल याचा हिशेब मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर केला.

दुसऱ्या दिवशी दाजी पेठेतल्या अक्का आल्या. त्या पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. मालक घरीच हातमागावर विणायचे आणि अक्का आयुष्यभर कांड्या भरत आल्या. त्यांच्या हातात दोऱ्याला गाठ अशी पडते की बोट फिरवलं तरी लागत नाही. अकरा बायकांपैकी त्या एक. त्यांनी माझ्याकडचा एक फिका गुंडा आणि एक गडद गुंडा उचलला, दारात उन्हात उभ्या राहिल्या, दोन्ही दोरे बोटाला शेजारी-शेजारी गुंडाळले आणि म्हणाल्या, ‘‘पोरी, हे दोन धोट्यांचं काम आहे. एका धोट्यानं होत नाही.’’

धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा, म्हणजे बाणा, इकडून तिकडे नेतो तो. सूत दोन तऱ्हेचं आलं तर त्यांचे मालक दोन धोटे घ्यायचे, एकदा याचा बाणा, एकदा त्याचा. फरक सगळ्या कापडभर पसरतो, आणि पसरला की दिसत नाही. तेच सुयांवर. दोन ओळी फिक्या गुंड्याच्या, दोन ओळी गडद गुंड्याच्या. दोनच का, तर दोन ओळींनंतर दोरा आपल्या मूळ कडेला परत येतो, तोडावा लागत नाही, कडेनं वर चढवत न्यायचा. मी अकरा वर्षं विणकाम शिकवत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं.

चाळीसच्या चाळीस संच उसवले. उसवलेली लोकर नागमोडी होते, ती तशीच विणली तर टाके ओबडधोबड येतात. म्हणून खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड्या केल्या, कोमट पाण्यातून काढल्या आणि गच्चीवर दोरीला टांगून प्रत्येक लडीच्या खाली पाणी भरलेली बाटली अडकवली. सावलीत हं. तीन दिवस आमची गच्ची पिवळ्या लड्यांनी भरली होती. अकरा जणी पडवीत रात्री अकरापर्यंत बसायच्या. अक्का प्रत्येकीच्या पाच ओळी झाल्या की उन्हात किंवा दारातल्या पिवळ्या बल्बखाली धरून बघायच्या. ऑर्डर नऊ दिवस उशिरा गेली. प्रसूतिगृहानं एक तृतीयांश पैसे कापले. व्यापाऱ्याचं देणं फिटायला पुढची दोन वर्षं लागली.

आणि चार गाळे पलीकडे काय सांगितलं जात होतं? की आमच्या दुकानात उसवलेली लोकर नवी म्हणून विकतात. वीस-पंचवीस मुली वर्ग सोडून तिकडं गेल्या. मी तेव्हा एका शब्दानं उत्तर दिलं नाही, आज देते. उसवलेल्या लोकरीचा एक ग्रॅमही आम्ही गल्ल्यावर विकला नाही. ती सगळी त्या दीडशे बाळांच्या अंगावर गेली.

अक्कांनी त्या कामाचे पैसे घेतले, पण इतर दहा जणींना मिळाले तेवढेच. जास्त देऊ केले तर पुडा तसाच गल्ल्यावर ठेवून गेल्या.

पुढची पंधरा वर्षं दुकान चाललं, मुलीचं लग्न झालं, शेजारचा गाळा घेतला.

२०२० च्या टाळेबंदीनंतर पोरी मोबाइलवर बघून क्रोशा शिकायला लागल्या. बाहुल्या, मधमाश्या, किचेनची फुलं. मला फार बरं वाटलं, कारण पडवी पुन्हा भरली. पण त्या सगळ्या एकाच जागी अडकून यायच्या. नमुन्यात एक टाका लिहिलेला, हातात वेगळाच. अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश डबल म्हणतात, आणि अमेरिकनांचं डबल ते ब्रिटिशांचं ट्रेबल. आपल्या आज्यांनी यात घोळच ठेवला नाही. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. मी मुलींना सांगते, व्हिडिओ कुठलाही बघा, आधी त्याच्या शेजारी आपलं नाव लिहा. आणि बाहुलीच्या मापाची सुई पुड्यावर लिहिल्यापेक्षा एक माप बारीक घ्या, नाहीतर आतला कापूस दिसतो.

भरतकामाचे दोरेही आता जोरात आहेत. एका लडीत आठ मीटर, सहा पदर. पदर सुटे करताना एकेकच ओढावा, दोन एकदम ओढले की गुंता. दोरा कोपरापर्यंतच्या लांबीचा कापावा. लांब दोरा घेणारीला वाटतं वेळ वाचला, पण तो कापडातून जाऊन जाऊन पिंजारतो. आणि ॲक्रिलिकच्या विणीवर गरम इस्त्री फिरवू नका. एकदा ती मरगळली की परत उठत नाही. हे विकत घेताना कुणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येकीला सांगते.

चार गाळे पलीकडचं दुकान २०११ साली बंद झालं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मैत्रीण मुलाकडे पुण्याला गेली असं ऐकलं. वही परत आली नाही. मी आठवून आठवून नवी करते आहे, एकाहत्तर नमुने झाले. जाळीच्या पानात आठव्या ओळीला कुठं दोन टाके एकत्र घ्यायचे ते काही केल्या जुळत नाही. चौकोन दर वेळी उजवीकडे झुकतो. कुणाच्या घरी आजीची जुनी शाल असेल आणि तिच्यावर ते पान असेल, तर एकदा दुकानात आणून दाखवा. मी ती घेणार नाही, नुसती मोजून परत देईन.

अक्का आता ऐंशीच्या पुढे आहेत. जिना उतरत नाहीत. गेल्या महिन्यात नातवाला पाठवलं होतं, पणतीसाठी पांढरी लोकर, दोनशे ग्रॅम. पोरगा पैसे देऊन निघाला, पायरीवरून परत वळला आणि म्हणाला, आजीनं सांगितलंय, पुडे दारात उन्हात धरून बघून आण. मी चारही पुडे घेऊन त्याच्याबरोबर दारात गेले.