आत्तीनं टुनटुनचं गाणं तीनदा ऐकलं

आज दुपारी वडगावला आत्तीकडं गेले होते. शेजारच्या घरात मागाची खडखड चालू, म्हणून मोबाईल कानाजवळ धरून तिला 'अफसाना लिख रही हूँ' ऐकवलं. आत्ती डोळे मिटून गुणगुणायला लागली.

मी म्हटलं, "आत्ती, ही टुनटुन बघ." तिनं झटकन डोळे उघडले. "कुठली? ती हसवणारी? नाही गं, तिचा आवाज असा कसा असंल!"

तिचाच की. उमादेवी खत्री, जन्म १९२३ चा. आई-वडील लहानपणीच गेले, नातेवाइकांकडं वाढली, आणि गाण्याच्या ओढीनं मुंबई गाठून थेट संगीतकार नौशाद यांच्या दारात उभी राहिली. केवढं धाडस त्या काळात! १९४७ च्या 'दर्द'मधल्या या गाण्यानं नाव झालं. पुढं गाणी कमी झाली, तेव्हा नौशाद यांनीच विनोदी भूमिका सुचवल्या. तिची अट एकच, पहिलं काम दिलीपकुमारसोबत. १९५० च्या 'बाबुल'मध्ये ती पुरी झाली, आणि उमादेवीची टुनटुन झाली ती कायमची. २००३ मध्ये ती गेली.

मला राहून राहून वाईट वाटतंय. इतकी वर्षं ती पडद्यावर आली की आम्ही तिच्या अंगालाच हसलो. तिचं टायमिंग, ते गाणाऱ्या बाईचं तालाचं भान, कुणी बघितलंच नाही.

आत्तीनं गाणं आणखी दोनदा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी लाईट गेली, माग थांबला, आणि अंधारलेल्या सोप्यात फक्त उमादेवीचा आवाज राहिला.