साडेसात मिनिटं

फोमचा इअरप्लग कानात नीट बसवायचा तर आधी चिमटीत वळून वातीसारखा बारीक करावा लागतो. मग दुसऱ्या हाताने कान वरून धरून मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. वात आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोट तसंच दाबून धरायचं, अर्धा मिनिट तरी. बहुतेक लोक पाच सेकंदांत बोट काढतात आणि मग म्हणतात, याचा काही उपयोग होत नाही.

गेल्या शनिवारी संध्याकाळी बडोद्याच्या फतेहगंजमधल्या एका जुन्या गोदामाच्या दारात मी बाबांच्या कानांत असे दोन प्लग बसवत उभी होते. त्यांची श्रवणयंत्रं डबीत घालून माझ्या पर्समध्ये ठेवली होती. यंत्रं माणसाच्या बोलण्याच्या हिशोबाने बनवलेली असतात. समोर ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर दणाणायला लागले की ती आवाज वरून छाटून टाकतात आणि उरतो तो नुसता कचरा.

आत माझ्या भावाचा मुलगा बास गिटार जुळवत होता. चार जणांचा बँड: दोन गिटार, एक बास, एक ड्रम. गाणारं कुणी नाही. दोघं बडोद्याची, दोघं अहमदाबादची. महिन्यापूर्वी तो घरी येऊन म्हणाला, "आत्या, आजोबांना घेऊन ये." मी म्हटलं, "अरे, त्यांना शब्द लागत नाहीत आता. तासभर नुसते बसून राहतील बिचारे." त्यावर तो म्हणाला, "आमच्यात शब्दच नाहीत ना, आत्या."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. रावपुऱ्यात बावीस वर्षं लोकांचे कान तपासतेय. आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

बाबांचं वय ७९. चौतीस वर्षं एका कारखान्यात प्रेस मशीनवर काढली, तेव्हा कानाला काही लावायची पद्धतच नव्हती. त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा केला की ऐकू येतो त्याचा आलेख, मला पाठ आहे. खालच्या पट्टीत, २५० आणि ५०० हर्ट्‌झला ३० डेसिबलच्या आसपास, म्हणजे वयाच्या मानाने छान. २००० च्या पुढे कडा कोसळावा तशी रेघ खाली जाते. ४००० ला ७५. याचा अर्थ स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. मी तोंडापुढे कागद धरून "साप" म्हणते, ते "ताप" म्हणतात. "शाप" म्हणते, ते जरा थांबून, अंदाज घेऊन "चाप" म्हणतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. असं झालं की माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडून देतो. बाबांनी आधी गांधी नगरगृहातली मराठी नाटकं सोडली, मग देवळातलं कीर्तन, मग फोन. शेवटी दांडिया बाजारातल्या ओट्यावरची संध्याकाळची बैठक सोडली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

गोदाम त्या मुलांनी मन लावून सजवलं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर मंडपवाल्याकडचे जाड पडदे आणि घराघरातून आणलेल्या गोधड्या लटकवल्या होत्या. एक गोधडी माझ्या आईच्या हातची होती, निळ्या काठाची. लाकडी पाट जोडून वीतभर उंचीचा मंच केला होता. समोर सतरंज्या, कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या, साठ-सत्तर माणसं. बरीचशी फाइन आर्ट्‌सची मुलं. मी पन्नास जोड्यांचा प्लगचा डबा नेला होता, तो दारात उघडून बसले. निम्म्यांनी घेतले. बाकीच्यांना मी सांगितलं ते इथेही सांगते. आतल्या कानात जन्मतः जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात आणि मेलेली पेशी परत उगवत नाही. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडने २००८ च्या दौऱ्यात दारातच प्रेक्षकांना प्लग वाटले होते. मोठा आवाज आवडणाऱ्यांनीच कान जपायला हवेत, कारण त्यांना ते जास्त वर्षं लागणार आहेत.

भाच्याने आधी मला थोडी शिकवणी दिली होती. ते वाजवतात त्या संगीताचं 'पोस्ट-रॉक' हे नाव १९९४ च्या सुमाराला सायमन रेनॉल्ड्‌स या इंग्रज समीक्षकाने रुळवलं. वाद्यं रॉकचीच, पण काम रॉकचं नाही. गिटारमधून धून काढण्यापेक्षा पोत काढायचा, असा त्याचा रोख होता. ग्लासगोचा मोगवाय, टेक्ससचा एक्स्प्लोजन्स इन द स्काय, टोकियोचा मोनो असे बँड मी रात्री स्वयंपाक आवरताना ऐकत गेले. मोबाइलवर ऐकताना मला ते संगीत लांबट वाटलं, हे कबूल करते. इतक्या हळू चढत जाणाऱ्या आवाजाला मोबाइलचा स्पीकर पुरा पडत नाही.

बाबांना मी शेवटच्या रांगेत बसवणार होते. ते ऐकेनात. खुर्ची उचलायला लावून थेट मंचाच्या कडेला, भाच्याच्या बाजूला जाऊन बसले. काठीचं टोक मंचाच्या पाटावर टेकवलं, दोन्ही हात मुठीवर ठेवले आणि हातांवर हनुवटी. ते नेहमीच असे बसतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

वाजवायला सुरुवात होण्याआधीच बाबा म्हणाले, "हे थरथरतंय." अ‍ॅम्पमध्ये विजेची घूं शिरली होती, ५० हर्ट्‌झची. गिटारवाला मुलगा वाकून एकेक केबल उपसून बघत होता. पाच-सात मिनिटं त्यात गेली. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी कुरकुरलं नाही. घूं गेली तशी बाबांनी मान हलवली, गेली म्हणून.

पहिला तुकडा एका गिटारवर सुरू झाला. चार सूर, आणि डिले पेडलमधून त्यांचे पडसाद एकमेकांवर चढत जाणारे. माझ्या आवाज मोजायच्या मीटरवर ६४ डेसिबल, म्हणजे आपण दोघं समोरासमोर बोलतो तेवढंच. ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवून बसलेला. चार मिनिटांनी बास आला, आणि मला तो कानात यायच्या आधी खुर्चीच्या पाठीत आला. मग दुसऱ्या गिटारवर एकच सूर भराभर छेडत राहण्याचं काम सुरू झालं आणि आवाज असा चढत गेला की नेमका कधी मोठा झाला ते मला सांगता येणार नाही, आणि आवाज मोजणं हाच माझा धंदा आहे. मीटर बघितला तेव्हा १०३ होता.

१०३ डेसिबलचं गणित असं: ८५ ला आठ तास चालतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, करत करत १०३ ला साडेसात मिनिटं. तेवढा दिवसभराचा कोटा. मी घड्याळ लावलं. आणि बाबांकडे बघितलं.

त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताचं बोट मुठीवर पडत होतं. तेव्हा मला उमगलं की हे काय चाललंय. दवाखान्यात मी कानामागच्या हाडावर एक छोटा व्हायब्रेटर लावते. आवाज कानाच्या नळीतून न जाता कवटीतून सरळ आतल्या कानात पोचतो. बाबांची काठी तेच करत होती. पाटातून काठीत, काठीतून मुठीत, मुठीतून जबड्यात. कानांत प्लग असूनही बासचा एकही सूर त्यांना चुकत नसणार. त्यांच्या ऑडिओग्रामचा जो भाग शाबूत आहे, नेमक्या त्याच पट्ट्यात माझा भाचा वाजवत होता.

दुसरा तुकडा मला आवडला नाही. परत तसंच, शांत मग दणका. दणका येणार हे एकदा कळलं की त्यातली जान जाते. पण तिसऱ्यात त्यांनी तो दणका दिलाच नाही. चढत चढत अगदी कडेपर्यंत आणलं आणि ड्रम काढून घेतला. नुसता बास राहिला, मंद, आणि त्याच्यावर गिटारचे विरत जाणारे पडसाद. सतरंजीवरची मुलं श्वास धरून बसली होती. बाहेरून रिक्षाचा हॉर्न आला तो चक्क सुरात वाटला. त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं वाजवणं मला विचाराल तर ते होतं, आणि मीटरवर ५८ होते.

दहाच्या आत संपवणं भाग होतं, रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. शेवटचा तुकडा नऊ चाळीसला सुरू झाला. तो सात मात्रांचा होता, हे मला नंतर कळलं. बाबांना दुसऱ्या आवर्तनात कळलं होतं. त्यातला १०३ चा भाग सहा मिनिटं चालला. सगळी संध्याकाळ मिळून अशी वीसेक मिनिटं भरली, म्हणजे ज्यांनी प्लग घेतले नाहीत त्यांचा कोटा केव्हाच उलटला होता. मी भाच्याला हे स्पष्ट सांगितलंय. पुढच्या वेळी तिकिटाबरोबरच प्लग द्यायचं त्याने कबूल केलंय.

नऊ अठ्ठावन्नला थांबले. टाळ्या पडत असतानाच बाबा काठी टेकत मंचावर चढले आणि ड्रमवाल्यासमोर उभे राहिले. प्लग काढायचे विसरले होते, त्यामुळे जरा मोठ्यानेच बोलत होते.

"सात मात्रा होत्या ना?"

"हा दादा, सात ज छे!" तो अहमदाबादचा मुलगा घामाने निथळत होता, एकदम उभाच राहिला.

"पण रूपक नाही. रूपक तीन-दोन-दोन. तुमचं चार-तीन." त्यांनी ड्रमच्या कडेवर बोटाने वाजवून दाखवलं. मुलाने काठ्या उचलून तेच परत वाजवलं. बाबांनी मान हलवली. दोघांचं पाच मिनिटं असं चाललं, आणि त्यात शब्द असे फार नव्हतेच.

परतताना सुरसागरला वळसा घालून आलो. म्युझिक कॉलेज दिसलं तशी बाबांनी रिक्षा हळू घ्यायला लावली. सयाजीरावांनी १८८६ मध्ये सुरू केलेली ती गायनशाळा. माझे आजोबा फैयाज खाँसाहेबांना ऐकायला जात. "अण्णा सांगायचे," बाबा म्हणाले, "खाँसाहेब बंदिशीच्या आधी नुसतं नोम-तोम करायचे. त्याला अर्थ काही नाही. अण्णांना तेवढंच आवडायचं. बंदिश सुरू झाली की म्हणायचे, आता शब्द आले." एवढं लांब वाक्य बाबा बऱ्याच महिन्यांनी बोलले होते. मी मधे काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांना माझ्याकडे वळून ओठ बघावे लागले असते.

रविवारी दुपारी भाचा बास घेऊन घरी आला. अ‍ॅम्प आणला नव्हता. वायर न लावता बास वाजवला तर मलाही नीट ऐकू येत नाही, तार नुसती पुटपुटते. तो सोफ्यावर बसला आणि बाबा समोर खुर्ची ओढून. बाबांनी काठीचं रबराचं बूच काढून खिशात टाकलं, उघडं लाकूड अलगद बासच्या अंगाला टेकवलं आणि मुठीवर हनुवटी ठेवली.

"हं," ते म्हणाले. "चार... आता तीन. घे परत."