तंबोऱ्यामागचा मुलगा

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी द्या, असा शाळेचा निरोप आला तेव्हा डोळ्यांपुढे आधी आली ती जिन्याखालची खोली. दारावर 'संगीत कक्ष' असं रंगवलेलं होतं, पण आम्ही तिला पेटीची खोलीच म्हणायचो. छत जिन्याबरोबर उतरत गेलेलं, त्यामुळे मागच्या रांगेत बुटक्यांनी बसायचं असा नियम. आत दोन हातपेट्या, एक खोकणारी पायपेटी, तबल्याच्या दोन जोड्या, खंजिरी, झांजा आणि एक बुलबुलतरंग. त्याला आपल्याकडे बँजो म्हणतात, आणि वाजवणारा स्वतःला स्टार समजतो. कोपऱ्यात सुती गवसणीत तंबोरा. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

पाचवीपासून प्रार्थना सांगायचा मान माझा. काळी चारात, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, सहज गायचो. संगीताचे सर राष्ट्रगीताच्या वेळी मनगटावरचं घड्याळ बघायचे. ५२ सेकंदांत बसलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. आम्ही बहुतेक वेळा साठीपर्यंत ताणायचो. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेसमोर माझ्याकडे नुसतं बघायचे. तेवढं पुरे व्हायचं.

नववीत गॅदरिंगच्या तालमीला माझा आवाज फुटला. अंतऱ्यातला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, घ्यायला गेलो आणि गळ्यातून एकदम दोन आवाज निघाले, एक माझा आणि एक कुणातरी अनोळखी माणसाचा. मुली हसल्या. बँजोवालाही हसला, ते जास्त लागलं. आजीने ज्येष्ठमध दिलं, खडीसाखर दिली, रात्री दही बंद केलं. आवाज काही परत आला नाही. मी आठवडाभर घसा बसल्याचं सांगून पेटीच्या खोलीकडे फिरकलो नाही.

सरांनी मला सायकल स्टँडवर गाठलं.

"घसा बसलाय की तू बसलायस?"

मी गप्प.

"विष्णू दिगंबर पलुस्कर कुठले, माहीत आहे?"

"लाहोरचे, सर." त्यांचं गांधर्व महाविद्यालय हे संगीत विद्यालय लाहोरला १९०१ साली निघालं, हे परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं.

"लाहोर नंतर. कुरुंदवाडचे ते, इथले. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, म्हणून उपचाराला मिरजेला आणलं. नजर काही सुधारली नाही. पण तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. तुझा नुसता आवाज फुटलाय. कान आहेत ना जागेवर? उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवसणी सोडली आणि तंबोरा माझ्या मांडीवर ठेवला.

पहिला महिना मी फक्त जोडाच्या दोन तारा मिळवत होतो. चारांपैकी मधल्या दोन, दोन्ही षड्जाच्या. ऐकायला सोपं वाटतं. एक तार किंचित चढी असली की दोघींमध्ये एक लाट येते, वँव-वँव अशी. खुंटी पिळत गेलं की लाट लांब होत जाते आणि मग नाहीशी होते. शेवटचा केसभर फरक खुंटीने जात नाही, त्याला खाली मणी सरकवायचा. त्यानंतर पहिली तार पंचमाची, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा एक तुकडा असतो. तो नखाने एवढासा मागेपुढे केला की इतका वेळ मुकी वाटणारी तार एकदम उघडते. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी घाबरून तारेवर हात ठेवला होता.

गाणाऱ्याला जे कळत नाही ते तंबोऱ्यामागच्याला कळतं, हे माझं मत मी तेव्हापासून सोडलेलं नाही. रांगेतली तिसरी मुलगी गंधार नेहमी उतरा लावायची. समूहगीत द्रुत झालं की तबलेवाला पळायचा. पुढे उभा असताना यातलं मला काहीच ऐकू आलं नव्हतं, कारण मी स्वतःलाच ऐकत होतो.

तंबोऱ्याची जवारी बसली, म्हणजे घोडी झिजून तारांचं गुंजणं गेलं, तेव्हा सर मला घेऊन एस.टी.ने मिरजेला गेले. तंबोरा आम्हा दोघांच्या मांडीवर आडवा. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडू का म्हणून विचारलं. सतारमेकर गल्लीत दुकानांच्या छताला भोपळे टांगलेले, पंढरपूरकडून आलेले, एकेक घागरीएवढा. कारागिराने घोडी कानसेने घासली, तार छेडली, पुन्हा घासली. तासभर. मोजमापाची पट्टी कुठेच नाही, मान तिरकी करून ऐकायचं आणि घासायचं. येताना सरांनी मला मीरासाहेबांचा दर्गा दाखवला, जिथे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा ती कानस आठवली.

संगीताच्या परीक्षाही दिल्या, प्रारंभिक आणि प्रवेशिका. त्यातली एक फजिती सांगायलाच हवी. शाळेतलं जुनं पुस्तक स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीचं, आणि सर लिहून द्यायचे ते पलुस्कर पद्धतीचं. भातखंड्यांत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. पलुस्करांत तेच टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; तार सप्तकाला उभी रेघ. मी सरांच्या वहीतला मंद्र धैवत तार समजून इतका वर ओढला की खिडकीतली चिमणी उडाली. सर म्हणाले, "भूपाली होती, आभाळात गेली."

दहावीला आमचा संगीताचा तास गणिताला गेला. कुणी विचारलं नाही, वेळापत्रकावर नुसती चिठ्ठी चिकटवली. आता शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्यामुळे पालक मुलांना स्वतःहून क्लासला घालतात म्हणे. गुणांसाठी का होईना, मुलं येतात हे बरंच. पण तो गेलेला तास मला अजून खुपतो.

गेल्या दिवाळीत शाळेत आलो होतो. खोली तीच, छत तसंच उतरतं. षड्ज-पंचमाला आता बटणाची पेटी आहे. सोयीची आहे, वाईट बोलणार नाही. तंबोरा कपाटावर होता. गवसणी उंदरांनी खाल्लेली, दोनच तारा शिल्लक, भोपळा मात्र शाबूत. आताच्या संगीताच्या बाईंची परवानगी घेऊन मी तो मिरजेला नेला. या वेळी माझ्या गाडीने, मागच्या सीटवर उशी ठेवून. कारागिराने बोटाने भोपळा वाजवून बघितला आणि म्हणाला, "आमच्याच दुकानातला आहे हा."

सर आता नाहीत. त्यांची कानस-मान मला जमत नाही, पण जोड अजून मिळवता येतो.

बाईंनी फोनवर सांगितलंय, महोत्सवाच्या दिवशी ईशस्तवन मुलीच म्हणणार, काळी चारात. तारा त्या हिशेबाने चढवल्या आहेत. मंचावर माझी खुर्ची मान्यवरांत ठेवलीय असं कळलं. ती काढून घ्यावी. मागे, मुलींच्या रांगेमागे एक सतरंजी टाकली तरी चालेल.