दोन्ही हात मोकळे: ठाणे ते शिर्डी, कॅमेऱ्यासह पायी

पालखीत चालताना हातांना कामं फार असतात. गजर सुरू झाला की टाळी द्यायची, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाने पुढे केलेला ताकाचा पेला घ्यायचा, खडीवरून उतरताना मागच्या काकूंना हात द्यायचा, पालखी समोर आली की हात जोडायचे आणि आपली पाळी आली की खांदा द्यायचा. हातात कॅमेरा धरून चालणाऱ्याला यातलं काहीच धड जमत नाही. त्यामुळे पायी वारीला कोणता कॅमेरा नेऊ, असं मला कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारते, तो अडकवणार कुठे?

आमची पालखी रामनवमीला शिर्डीत पोहोचेल अशा बेताने ठाण्यातून निघते. माजिवडा, साकेतचा पूल, खारेगाव, मानकोली, रांजनोली, पडघा, शहापूर, खर्डी, कसारा. मग घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तिथून नाशिकचा रस्ता सोडून सिन्नरकडे. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या वर. अंथरुण-पांघरुण, कपडे, डबे सगळं टेम्पोत पुढे जातं. अंगावर राहतं ते पाणी, नॅपकिन, पायाच्या फोडांचं औषध आणि माझ्या बाबतीत कॅमेरा. म्हणजे ओझं तसं थोडंच. पण दिवसाला पंचवीस किलोमीटर चालायचं म्हणजे तीस-पस्तीस हजार पावलं होतात आणि गळ्यात लोंबणारा कॅमेरा त्यातल्या प्रत्येक पावलाला पोटावर आपटतो. अर्धा किलोचा असला तरी आपटतो. पहिल्या दिवशी पडघ्यापर्यंत काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळवताना कळतं.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी गळ्यातली पट्टी घटकाभराच्या समारंभासाठी ठीक आहे. चालण्यासाठी ती वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळा भार मानेच्या मागच्या बाजूवर येतो, त्या भाराने डोकं पुढे झुकतं आणि झुकलेलं डोकं सावरायला खांद्याचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. तीच पट्टी तिरकी, एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखाली घेतली की मान सुटते. पण मग सगळा भार एकाच खांद्यावर. तासातासाने खांदा बदलला तर चालतं, पण गजराच्या नादात तेवढं लक्षात कुणाच्या राहतं?

खांद्यावर पुढे-मागे दोन खिसे असलेली पडशी टाकून चालणारे म्हातारे वारकरी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना यावरचा उपाय सांगावा लागणार नाही. एक खिसा छातीवर, एक पाठीवर. दोन्हीकडे सारखं वजन, म्हणून माणूस कोणत्याच बाजूला कलत नाही आणि हात रिकामे. मी माझी मांडणी त्यावरूनच केली आहे. पाठीवर लहान सॅक, तिच्यात लिटरभर पाण्याची बाटली अगदी पाठीला चिकटून. पुढे सॅकच्या दोन्ही पट्ट्यांना, खांद्याखाली, एकेक डी-रिंग, म्हणजे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची कडी, शिवलेली. कॅमेऱ्याच्या दोन्ही कानांना आखूड पट्ट्या, त्यांच्या टोकाला छोटे हुक. हुक रिंगांत अडकवले की कॅमेरा छातीवर बसतो आणि त्याचा भार सॅकच्या पट्ट्यांवरून दोन्ही खांद्यांत वाटला जातो. मान मोकळी. हलू नये म्हणून खालून एक इलॅस्टिक, सॅकच्या कमरपट्ट्याला बांधलेलं. फोटो काढायचा तर कॅमेरा धरून वर उचलायचा. पट्ट्या डोळ्यापर्यंत पोहोचतील इतक्याच लांब ठेवल्या आहेत. बायकांनी एवढं मात्र बघावं की सॅकची छातीवरची आडवी पट्टी वर-खाली सरकणारी असावी. ती चुकीच्या उंचीवर असली तर दिवसभर काचते, आणि पुरुषांच्या मापाच्या बऱ्याच सॅक तशा असतात.

बाजारात यासाठी तयार वस्तू मिळतात. सॅकच्या पट्टीवर बसणारे धातूचे क्लिप चांगले असतात, कॅमेऱ्याच्या तळाला, ट्रायपॉडचा स्क्रू बसतो तिथे, छोटी प्लेट बसवायची आणि ती क्लिपमध्ये सरकवायची. फक्त सॅकची पट्टी जाड आणि ताठ हवी, नाहीतर क्लिप लोंबकळतो आणि आपटणं पुन्हा सुरू. तो स्क्रू रोज सकाळी निघताना पिळून बघावा. चालण्याच्या हादऱ्यांनी सैल होतो.

मी मात्र रिंगा शिवून घेतल्या, स्टेशनजवळ बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून. मी सांगत होते आणि ते ऐकता ऐकता नायलॉनची पट्टी कापत होते. कापलेलं टोक त्यांनी आधी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरलं, कड वितळून घट्ट झाली, म्हणजे धागे सुटायला नकोत. मग पट्टी रिंगेतून ओवून दुमडली आणि मशीनखाली चौकोन शिवला, त्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. शिवून झाल्यावर रिंगेत बोट घालून दोन जोरदार हिसके दिले आणि म्हणाले, "ताई, सॅक फाटेल, हे नाही सुटणार." सरळ दोन ओळींची शिवण एका टोकापासून उसवत जाते, फुलीच्या शिवणीत ताण चारी बाजूंना वाटला जातो. विकतच्या चांगल्या सॅकच्या पट्ट्यांवर हीच शिवण दिसेल. घेताना तेवढं एकदा बघाच.

आता कॅमेऱ्याबद्दल. माझ्याकडे फुजीफिल्मचा एक्स-टी 30 आहे, बॅटरी आणि कार्डासकट 383 ग्रॅमचा, आणि त्यावर 23 मिलिमीटर एफ 2 लेन्स, 180 ग्रॅमची. दोन्ही मिळून सहाशे ग्रॅमच्या आत. वारीला एवढंच. मोठ्या, फुल-फ्रेम कॅमेऱ्यांची लांबून टिपायची 70-200 एफ 2.8 झूम लेन्स एकटीच एक ते दीड किलो भरते. ती नेणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ते बहुतेक गाडीने पुढे जाऊन पुलावर उभे राहतात. पालखीच्या आत चालणाऱ्याला लांबच्या लेन्सचं काय काम? सगळं हाताच्या अंतरावर घडत असतं. दुसरी लेन्स न नेण्याचं आणखी एक कारण म्हणजे धूळ. मानकोली ते पडघा या पट्ट्यात गोदामांचे ट्रक सतत अंगावरून जातात. तिथे लेन्स काढली तर आतल्या सेन्सरवर, ज्यावर फोटो उमटतो त्यावर, धूळ बसणारच.

मोबाइल पुरत नाही का, असं चालताना बरेच जण विचारतात. दिवसा पुरतो. पण आमची पालखी उन्हं टाळायला पहाटे अंधारात निघते, आणि हायवेवरच्या ट्रकच्या दिव्यांत, चालत्या माणसांचे चेहरे टिपायला मला मोठा सेन्सर आणि जास्त उजेड आत घेणारी लेन्स लागते. शिवाय मोबाइलवर घरचे फोन येत असतात, त्याची बॅटरी रात्रीच्या मुक्कामापर्यंत टिकायला हवी.

चैत्रातलं ऊन ही मात्र खरी परीक्षा. बहुतेक कॅमेरे 40 अंशांपर्यंतच चालवावेत असं कंपन्या लिहून देतात, आणि शहापूरच्या पुढे दुपारी डांबरावर त्याहून तापतं. काळा कॅमेरा छातीवर उन्हात राहिला की हात लावू देत नाही. म्हणून मी त्यावर पांढऱ्या सुती उपरण्याचा पदर टाकते. तोच घाम पुसायला, तोच खांद्यावर पट्टीखाली घडी करून. घामाने भिजलेली पट्टी कातडीवर घासली की तासाभरात लाल वळ उठतो, मध्ये सुती कापड असलं की नाही. जास्तीच्या बॅटऱ्या कमरेच्या पाऊचमध्ये, भरलेल्या उजवीकडे, वापरलेल्या डावीकडे, म्हणजे अंधारात चाचपडावं लागत नाही. दुपारच्या विसाव्याला पॉवर बँकेवर कॅमेऱ्यातच चार्जिंग होतं, वेगळा चार्जर नको.

आसनगावच्या पुढे डावीकडे-उजवीकडे डोंगर उठायला लागतात, माहुलीचे सुळके दिसतात, आणि तिथून मन जरा हलकं होतं. कसारा घाट आम्ही पहाटे चढायला घेतो. चढावर ओझ्याची खरी पारख होते. माणूस पुढे वाकतो, आणि छातीवरचं ओझं सैल असेल तर ते शरीरापासून सुटून पुढे ओढायला लागतं. म्हणून घाटाच्या पायथ्याशी थांबून पट्ट्या आवळायच्या. आधी कमरपट्टा, तोही पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. मग खांदे, शेवटी छातीची पट्टी.

घाटातल्या वळणावर माझी खांदा द्यायची पाळी आली होती. सॅकचे पट्टे घट्ट, कॅमेरा छातीला चिकटून, दांडी उजव्या खांद्यावर. शेजारी एक दादा होते, त्यांच्या खांद्यावरची उपरण्याची घडी घामाने काळी पडलेली, दांडीखाली दबून चपटी झालेली, आणि तिच्या कडेला अबिराची रेघ. चढ संपल्यावर घाटनदेवीजवळ पालखी टेकवली, त्यांनी ती घडी उलगडून झटकली आणि पुन्हा तशीच घालून ठेवली. "दादा, एक फोटो घेऊ का?" म्हटलं तर "साईराम, घे की" म्हणाले. मी फक्त खांदा, घडी आणि दांडी घेतली. माझ्या सगळ्या फोटोंत तो मला सर्वांत प्रिय आहे. तो मिळाला कारण पाच मिनिटांपूर्वी तीच दांडी माझ्याही खांद्यावर होती, आणि ती घेताना कॅमेरा कुणाकडे सांभाळायला द्यावा लागला नव्हता.

आरतीला आणि मुक्कामावर सकाळच्या अंघोळीच्या वेळी कॅमेरा सॅकमध्ये आणि चेन बंद. बायाबापड्या नळावर असतात, कुणी पाय चोळत बसलेलं असतं. तिथे कॅमेरा छातीवर नुसता दिसला तरी माणसं अवघडतात.

शिर्डीला जायच्या आधी ही मांडणी घरच्या घरी जमवून घ्यावी. ठाण्यात त्यासाठी उपवनहून येऊरचा चढ आहे. अंगारकीला टिटवाळ्याला चालत जाणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासोबत एक रात्र चाललं तर काय काचतं, काय सैल होतं, सगळं समजतं. आषाढात दिवेघाट चालायला जाणाऱ्यांनी हीच मांडणी घ्यावी, फक्त कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी ओढून लेन्सच्या तोंडाशी रबर लावावं आणि पाठीवरच्या कप्प्यात कोरडा पंचा ठेवावा.

परत आल्यावर पट्ट्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवते. घामाचं मीठ सुकून राहिलं की नायलॉन ताठ होतं आणि पुढच्या वेळी जास्त घासतं. कॅमेरा ओलसर फडक्याने, मग कोरड्याने. ठाण्याच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून दोन्ही वस्तू सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात. आणि रिंगांची शिवण नखाने तपासायची. एखादा टाका सुटलेला दिसला तर पावसाळ्याआधीच काकांकडे.